खुराडे आणि आजींचे पाऊल



गेल्या पावसाळ्यात कोकणातल्या एका खेड्यातून सत्तरी ओलांडलेल्या एक आजी माझ्याकडे आल्या. अंगात ताप, डोळे लाल, आणि पोटऱ्या इतक्या दुखऱ्या की हात लावू देईनात. "वयच झालं डॉक्टर, पाय दुखायचेच," असे त्या म्हणत होत्या. दोन दिवसांपूर्वी तापाची साधी गोळी देऊन मीच त्यांना घरी पाठवले होते. या वेळी सुनेने सहज सांगितले, "पहाटे परसातलं खुराडं त्याच उघडतात, अनवाणी. उंदरांनी तिथं उच्छाद मांडलाय." त्या वाक्याने निदानाची दिशा बदलली. आजार होता लेप्टोस्पायरोसिस. आजी वेळेत रुग्णालयात पोहोचल्या आणि बऱ्या झाल्या. परंतु तो प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता, ही टोचणी मनात राहिली.

या आजाराचे जंतू उंदरांच्या लघवीतून ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात उतरतात. तेथून ते पायाच्या भेगांतून, जखमेतून किंवा डोळ्या-तोंडाच्या नाजूक त्वचेतून शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात. उतारवयात टाचांना भेगा असतातच. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर लहानशी जखम जाणवतही नाही. म्हणून खुराड्याजवळ जाताना पायांत बंद गमबूट आणि हातांत रबरी मोजे असावेत. काम संपताच हातपाय साबणाने धुवावेत.

उंदीर आणि घुशी येतात त्या प्रामुख्याने दाण्यांसाठी. तेव्हा पहिला उपाय ताटातला. दिवसभरात संपेल एवढेच दाणे घालावेत, सांडलेली कणी सायंकाळी गोळा करावी आणि रात्री खुराड्यात अन्न ठेवू नये. धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे; प्लॅस्टिकचा डबा उंदीर कुरतडतात. अंडी रोज सायंकाळी काढून घ्यावीत.

दुसरा उपाय जाळीचा. कोंबड्यांसाठी मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचापेक्षा मोठे भोक नसलेली जाड, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी घ्यावी. ती जमिनीत फूटभर पुरून तिचे खालचे टोक बाहेरच्या बाजूस वळवावे, म्हणजे घुशीला बीळ पाडून आत शिरता येत नाही. शक्य असल्यास खुराडे चिऱ्यांच्या चौथऱ्यावर दीड-दोन फूट उंच ठेवावे. भोवतालचे गवत आणि लाकडांचे ढीग हलवावेत. उंदरांचा माग काढत सापही तेथे येतात.

विषाचा मोह मात्र टाळा. विष खाल्लेला उंदीर कोंबडी टोचते, मांजर खाते. रांगत्या नातवाच्या हाती आमिष लागण्याचे भय वेगळेच. उंदीर मारण्याची काही औषधे रक्त गोठू देत नाहीत, आणि घरातील ज्येष्ठ रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर त्यांना धोका अधिक. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टने यकृत निकामी होऊ शकते, आणि पहिले एक-दोन दिवस रुग्ण ठणठणीत दिसू शकतो. चुकून पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे व पाकीट सोबत न्यावे. पिंजरा हाच बरा. मेलेला उंदीर मोजे घालून उचलावा आणि खोल पुरावा.

लेंड्या कोरड्या झाडू नयेत. ब्लीचिंगचे द्रावण शिंपडून दहा मिनिटे थांबावे, मग ओल्या फडक्याने पुसाव्यात. वाकणे, खणणे ही कामे घरातील तरुणांनी करावीत. दार उघडण्याचा आनंद मात्र आजी-आजोबांकडेच राहू द्यावा.

काळजीवाहकांना एक विनंती. ताप, पोटऱ्यांत असह्य वेदना, लाल डोळे, पिवळेपणा किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मनाने प्रतिजैविके घेऊ नका. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आवर्जून सांगा, "आमच्या परसात कोंबड्या आहेत, आणि उंदीरही." तेवढ्या वाक्याने एखादा जीव वाचतो.