रुसलेली फायरवॉल

शुक्रवार, रात्रीचे आठ. कॅफेच्या वायफायवरून स्टोरी पाठवायची होती आणि लॅपटॉप म्हणतो, फायरवॉल बंद! स्टार्टवर क्लिक केलं, तर एरर १०६८. आत नाव न छापण्याच्या अटीवर बोललेल्या एका बाईंची अख्खी मुलाखत. घामच फुटला ना राव!

आधी वायफाय तोडलं. मग विंडोजमधली सर्व्हिसेसची यादी उघडली. १०६८चा अर्थ सोपा आहे : मी ठीक आहे, पण जिच्या भरवशावर चालते ती सर्व्हिसच उठलेली नाही. फायरवॉलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिपेन्डन्सीज' टॅब बघितला. तिथे होतं बेस फिल्टरिंग इंजिन, आणि यादीत ते चक्क डिसेबल्ड! आदल्या दिवशी लॅपटॉप फास्ट करायला मीच टाकलेल्या फुकट टूलचा हा प्रताप.

असले उद्योग व्हायरसही करतात, म्हणून आधी फुल स्कॅन. तो क्लीन निघाल्यावर टूल टाकण्याआधीच्या तारखेवर सिस्टम रिस्टोअर. रिस्टार्ट झाला आणि फायरवॉल ऑन!

तेव्हा दोस्तहो, रुसलेल्या सर्व्हिसला ढोसत बसू नका. ती कुणासाठी अडलीय ते आधी बघा. माझी स्टोरी दीड तास लेट गेली, एडिटरची बोलणीही खाल्ली. पण त्या बाईंचं नाव माझ्यापाशीच राहिलं.