पाच दिवसांचा कोर्स

परवा इथे मेडनहेडला अक्कलदाढ काढली. डेंटिस्टबाईंनी दाबून धरायला गॉजचा बोळा दिला, दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या म्हणाल्या, झालं! फोनवर आई हबकलीच. "पाच दिवसांचं अँटिबायोटिक नाही दिलं? कसले रे तुमचे डॉक्टर!"

आई, आणि तमाम काकू-मावश्यांनो, ऐका. दाढ निघाल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. जखमेचं खरं झाकण तेच. ते निघालं की हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी पार कानापर्यंत ठणका लागतो. ते सांभाळणं आपल्याच हातात आहे. पहिले 24 तास चूळ नाही, जोरात थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही, सिगरेट तर नाहीच नाही. मग जेवणानंतर कोमट मीठपाणी तोंडात हलकेच खेळवायचं. मऊ भात खायचा. (लवंग कोंबायची नाही हो खड्ड्यात!)

पू झाला, ताप आला, सूज वाढतच गेली तर डॉक्टर गाठा, तेव्हा अँटिबायोटिक लागेलही. पण धडधाकट माणसाला सरसकट कशाला? इथून गाडी लंडनच्या पॅडिंग्टनला जाते. स्टेशनाला लागूनच सेंट मेरीज हॉस्पिटल, जिथे 1928 मध्ये फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं. अपुऱ्या डोसाने जंतू निर्ढावतील, हे 1945 च्या नोबेल भाषणात त्यानेच बजावलं होतं. आणि आपण? दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या जपून ठेवतो, पुढच्या सर्दीसाठी! बाबांच्या औषधाच्या डब्यात बघा, आत्ताही सापडतील.