गळ टाकून बसलेल्या माणसाला हाकलू नका

पोस्ट जरा लांब आहे, चहा घेऊन बसा. विषय मासे पकडण्याचा आहे, पण ज्यांनी आयुष्यात कधी मासा खाल्ला नाही त्यांनीही वाचावी, कारण वास सगळ्यांच्याच खिडकीतून येतो.

मेच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. आदल्या रात्री वळवाची एक सर पडून गेली होती. सकाळी सहा-साडेसहाला मी आमच्या सेक्टरमागच्या धारण तलावाला फेरी मारत होतो. तिथे नेहमीची पाच-सहा मंडळी गळ टाकून बसलेली असतात. एक रिक्षावाला, रात्रपाळी संपवून येतो. दोन सेंट्रिंगवाले, झारखंडचे. एक निवृत्त बंगाली गृहस्थ, बँकेत होते, छत्री आणि घडीची खुर्ची घेऊन येतात. आणि या सगळ्यांत जुने म्हणजे कोपरा गावचे काका, वय सत्तरच्या पुढे. काकांची काठी आता बांबूची राहिली नाही, नातवाने ऑनलाइन फायबरची मागवून दिलीय. बाकी सगळं तेच. तंगूस, शिशाचा तुकडा, गरीला कणकेचा गोळा.

त्या दिवशी काकांनी गळ टाकलाच नव्हता. काठी बाजूला ठेवून नुसते पाण्याकडे बघत होते. म्हटलं, काय काका, आज उपास का? तर म्हणाले, "आज पानी बरोबर नाय भाऊ. मासली वरती आलीय बघ."

बघितलं तर खरंच, कडेकडेने मासे तोंड वर काढून हवा गिळत होते. शेकड्याने.

मी तिथूनच एका कार्यालयात फोन लावला. नाव लिहीत नाही, लिहून काही होत नाही. पलीकडचा माणूस सौजन्याने बोलला. म्हणाला, "मेलेल्या माशांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा, तक्रार नोंदवून घेतो." म्हटलं, अहो, अजून मेले नाहीत, पण मरणार आहेत. तो म्हणाला, "मग मेल्यावर पाठवा."

तिसऱ्या दिवशी पाठवले. काठावर पांढरा पट्टा झाला होता माशांचा. सोसायटीच्या ग्रुपवर तोपर्यंत 'गॅस लीक आहे का?' इथपासून चर्चा सुरू झाली होती. सफाईवाले आले, मासे उचलून नेले, ब्लीचिंग पावडर टाकली, विषय संपला. पाण्याचा नमुना कुणी घेतला असेल तर मला तरी दिसला नाही. घेतला असता तरी तीन दिवसांनंतरच्या पाण्यात काय सापडणार?

आणि या सगळ्या प्रकरणात तातडीने झालेली कारवाई कुठली, तर दुसऱ्या दिवसापासून वॉचमनने शिट्टी वाजवून गळवाल्यांना उठवायला सुरुवात केली. "फिशिंग अलाऊड नहीं है." तो बिचारा हुकमाचा ताबेदार, त्याच्यावर राग नाही. पण तलाव बिघडलाय हे ज्या माणसाला दोन दिवस आधी कळलं, त्यालाच आपण उठवलं. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकीची पोस्ट त्याचा खुलासा समजा.

आधी पाण्याचं. आपली नवी मुंबई खाजण भरून उभी राहिली. भरतीच्या वेळी खाडीची पातळी आपल्या रस्त्यांच्या वर जाते. त्याच वेळी मुसळधार पाऊस आला तर नाल्याचं पाणी जाणार कुठे? म्हणून सिडकोने हे धारण तलाव ठेवले. भरतीला झडपा बंद, पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर. योजना उत्तम. पण वर्षानुवर्षांच्या गाळाने तलाव उथळ झाले, कित्येकांत कांदळवन वाढलं, आणि कांदळवनाला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे गाळ तसाच. उथळ पाणी लवकर तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. त्यात पहिल्या सरीबरोबर नाल्यातली वर्षभराची घाण एकदम येऊन पडते. ती कुजताना उरलासुरला प्राणवायू खाते. रात्री शेवाळंही प्राणवायू वापरतं, म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. आपण आठ वाजता फिरायला जातो तोवर ऊन पडलेलं असतं आणि तळं पुन्हा बरं दिसायला लागतं. पहाटे तिथे कोण असतो? गळवाला.

दुसरी गोष्ट, त्याच्या पिशवीत काय आहे ते बघा. रोहू, कटला, मृगळ यांना बऱ्यापैकी प्राणवायू लागतो, लिटरला पाच मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर ते खुशीत. मरळ आणि मांगूर वरची हवा घेऊन जगू शकतात. चिलापी, म्हणजे टिलापिया, १९५२ मध्ये बाहेरून आपल्या देशात आणलेला मासा, तोही घाणीत तग धरतो. आता एखाद्या तळ्यावर पाच वर्षांपूर्वी रोहू-कटला लागत होता आणि आज नुसती चिलापी आणि मांगूर लागत असेल, तर त्या तळ्याचं काय झालं हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. काकांना विचारा. झडपेच्या तोंडाशी पूर्वी बोय लागायची, चिंबोऱ्या निघायच्या, नशीब असेल त्या दिवशी जिताडा. जिताड्याचं नाव काढलं की काकांचा आवाजच बदलतो, तो आपल्या रायगडचा मान आहे, दुसऱ्या कशाने तो भरून येत नाही. असो. आता तिथे काय लागतं, तर प्लास्टिकची पिशवी.

हे सगळं काकांच्या डोक्यात आहे. कागदावर काहीच नाही. खरी गोची इथे आहे.

इंग्लंडमध्ये ट्राउट आणि सामन हे जमीनदारांचे मासे. बाकी जे काही नदी-कालव्यात मिळतं त्याला ते 'कोअर्स फिश' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत भरड मासे. सुट्टीच्या दिवशी गिरणी-कारखान्यांतले कामगार कालव्याच्या काठी गळ टाकून बसायचे, त्यांचे क्लब होते, स्पर्धा व्हायच्या. अजूनही होतात. चिठ्ठी टाकून प्रत्येकाची काठावरची जागा ठरते. धरलेला मासा पाण्यातच सोडलेल्या लांब जाळीत जिवंत ठेवतात, शेवटी वजन करून वहीत लिहितात आणि मासे परत सोडून देतात. खायचा प्रश्न नाही. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण त्या वह्यांचा उपयोग पुढे झाला. ट्रेंट नदीतल्या माशांचा अभ्यास संशोधकांनी गळवाल्यांच्या नोंदींवरून केलाय.

त्याच भागातला डर्बी शहराचा खटला तर आपल्याकडच्या प्रत्येक नगरसेवकाला वाचून दाखवला पाहिजे. 'प्राइड ऑफ डर्बी' नावाचा गळवाल्यांचा क्लब. त्यांच्या नदीत एका कापड-रसायन कंपनीचं सांडपाणी, वीज केंद्राचं गरम पाणी आणि खुद्द नगरपालिकेचं अर्धवट शुद्ध केलेलं मैलापाणी येत होतं. मासे संपले. क्लब कोर्टात गेला. नगरपालिकेचा बचाव काय होता? तर, आमचं शुद्धीकरण केंद्र बांधलं तेव्हा पुरेसं होतं, नंतर लोकसंख्या वाढली, त्याला आम्ही काय करणार! वाचताना मला खारघरच्याच एखाद्या बैठकीत बसल्यासारखं वाटलं. १९५२ च्या डिसेंबरात अपील कोर्टानेही हा बचाव मानला नाही. मनाई हुकूम कायम राहिला, नगरपालिकेला सुधारणेसाठी मुदत मिळाली, सुटका नाही. मागे बळ कुणाचं होतं? १९४८ मध्ये जॉन ईस्टवूड नावाच्या वकिलाने गळवाल्यांची एक सहकारी संघटनाच काढली होती, नद्या घाण करणाऱ्यांना कोर्टात खेचण्यासाठी.

तो क्लब कोर्टात उभा राहू शकला, कारण त्या पाण्यावर मासेमारी करायचा हक्क त्याच्या नावावर होता. हक्काचा कागद होता.

फार लांब वाटत असेल तर पवईला या. १८९१ साली मुंबईला पाणी पाजायला बांधलेला तलाव, पिण्यासाठी तो लवकरच बाद झाला. तिथे १९३६ पासून गळवाल्यांची संस्था आहे, आधी बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या नावाने, आता महाराष्ट्र राज्याच्या नावाने. सभासदत्व, परवाना, नियम, तलावात मासे सोडणं, सगळं रीतसर. पवईचा तलाव आज आदर्श आहे असं मी म्हणणार नाही, जलपर्णी आणि सांडपाणी तिथेही आहेच. पण तिथे काही बिघडलं की बोलायला नाव-पत्ता असलेलं कुणीतरी असतं. बातमीदार म्हणून मला याची किंमत कळते. खारघरच्या तलावाची बातमी करताना माझ्याकडे 'एका स्थानिकाने सांगितले' यापलीकडे लिहायला काही नसतं, आणि डेस्कवरचा माणूस ते वाक्य आधी उडवतो.

आपल्याच तालुक्यातलं बघा. तळोज्याच्या कासाडी नदीत मासा राहिला नाही, हे मच्छीमार कैक वर्षं बोंबलून सांगत होते. देशभर बातमी कधी झाली? २०१७ च्या ऑगस्टमध्ये, कुत्रे निळे झाले तेव्हा. मीही त्या फोटोंच्या मागे धावलो होतो, खोटं कशाला बोलू. उलट, २०१५ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या हरित लवादाने उरण-पनवेल भागातल्या १,६३० पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाखांची भरपाई द्यायचा आदेश दिला. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तो भाग वेगळा. पण आदेश तरी का होऊ शकला? कुटुंबं मोजलेली होती. आपल्या धारण तलावांवर किती लोक मासे धरतात, काय धरतात, हे मोजलंय का कुणी?

आता तुमचे आक्षेप. कमेंटमध्ये येणारच आहेत, तर मीच लिहितो.

पहिला, असल्या पाण्यातले मासे खाणं धोक्याचं आहे. बरोबर आहे. मी स्वतः खात नाही, आणि काकांनाही सांगून झालंय. गाळातले जड धातू माशाच्या अंगात उतरतात, ते तळून जात नाहीत. पण सेंट्रिंगवाल्या पोराला संध्याकाळच्या कालवणाचा प्रश्न असतो. त्याला शिट्टी वाजवून उठवलं तर तो पलीकडच्या झाडीतून जाऊन बसतो, रोज बघतो मी. त्यापेक्षा पाणी तपासा आणि काठावर मराठी-हिंदीत पाटी लावा, की इथला मासा खाऊ नका. ही पाटी लावायला मात्र कुणी तयार होणार नाही, कारण मग का खाऊ नये, हेही लिहावं लागेल.

दुसरा, पक्षी. तुटलेला तंगूस बगळ्यांच्या पायात अडकतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. काठावर तुटका तंगूस टाकणाऱ्याला दंड करा, माझं नाव पहिलं लिहा पाठिंब्याला.

तिसरा, जीव जाण्याचा धोका. पांडवकड्याला पोरं वाहून गेल्याच्या बातम्या मी हाताने लिहिल्या आहेत, त्यामुळे पाण्याशी खेळ नको हे मला नव्याने सांगू नका. पण काठावर ठरलेल्या दहा-बारा जागा आणि एक कठडा एवढ्याने हा प्रश्न सुटतो. चोरून झाडीतून, चिखलातून जाण्यात जास्त धोका आहे.

चौथा आक्षेप सहसा बोलला जात नाही, पण ग्रुपवर दिसतो. 'असले लोक' आपल्या तलावावर नकोत. यावर एवढंच म्हणेन, ही सगळी जमीन ९५ गावांची होती. कोपरा, बेलपाडा, मुर्बी, ओवे इथली माणसं या खाजणात पिढ्यान् पिढ्या मासे धरत होती. पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला अख्खं गाव कंदील घेऊन बाहेर पडायचं. तुमच्या-माझ्या बिल्डिंगचं नाव 'लेक व्ह्यू' आहे, त्यातला लेक आपल्या आधी त्यांचा होता.

मागणी काय आहे माझी? तलाव ज्या कुणाच्या ताब्यात आहे, सिडको असो की महापालिका, त्यांनी गळवाल्यांची नोंद करावी. ओळखपत्र द्यावं, नाममात्र फी घ्यावी, जाळं लावायला मनाई ठेवावी. विष किंवा सुरुंग लावून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हाच आहे, तो लावा. मासे वर आले की फोन करायला एक नंबर द्या, आणि त्या फोनवर मेल्याचा फोटो मागू नका. पाण्याचा नमुना त्याच सकाळी घ्या. आणि वर्षातून एकदा स्पर्धा घ्या. पावसाळ्यात नको, तो माशांच्या विणीचा काळ. दिवाळीच्या आधीच्या एखाद्या रविवारी, पकडा-मोजा-सोडा पद्धतीने. मांगूर लागला तर मात्र परत सोडायचा नाही, थाई मांगूर देशात बंदी असलेला मासा आहे. बक्षिसाला मोटरसायकल वगैरे नको, नाहीतर पहिल्याच वर्षी भांडणं होतील आणि दुसऱ्या वर्षी बॅनरवर सगळ्या पक्षांचे फोटो.

तोपर्यंत थांबायचं कशाला? दोन रविवारांपूर्वी मी एक दोनशे पानी वही घेतली आणि स्टेशनजवळून एक लटकता वजनकाटा. पहिल्या रविवारी सहा जण होते. नोंद अशी: चिलापी ११, मांगूर ३, मरळ १, रोहू नाही, कटला नाही. सगळ्यात मोठा मासा मरळ, आठशे ग्रॅम, बंगाली बाबूंच्या गळाला. काकांना काही लागलं नाही. त्यांनी वही हातात घेतली, आपल्या नावापुढचं शून्य बघितलं आणि म्हणाले, "लिव. ह्या पन लिव."

येत्या रविवारी सकाळी सहाला तिथेच आहे. ज्यांना काठी धरायची नाही त्यांनी नुसतं लिहायला यावं, माझं अक्षर फार वाईट आहे.