उत्तर गावापर्यंत यावे

डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या जव्हारहून झाप या गावाला करोना लसीचे तीनशे डोस ड्रोनने पोहोचले. रस्त्याने जिथे चाळीस मिनिटे लागतात, ते सुमारे वीस किलोमीटरचे अंतर त्या यंत्राने नऊ-दहा मिनिटांत कापले. ते काय आहे, कोणी पाठवले आणि कशासाठी, हे प्रशासनाने उघडपणे सांगितले होते. म्हणून त्याची बातमी झाली, अफवा झाली नाही. तेच यंत्र रात्री, दिवा लुकलुकत, कोणालाही न सांगता शेजारच्या मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरून गेले असते तर काय झाले असते, याचा अंदाज २०२४च्या पावसाळ्यात आला. बीड, जालना, पुणे या जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री दिवे फिरू लागले. चोर टेहळणी करतात असा समज पसरला आणि तरुण काठ्या घेऊन रात्री जागवू लागले.

पालघर जिल्ह्याला तर रात्रीच्या अफवेची किंमत चांगलीच ठाऊक आहे. १६ एप्रिल २०२० रोजी डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. त्याआधीचे अनेक दिवस परिसरात चोर आणि मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या कंड्या पिकत होत्या आणि त्या वेळीच शमल्या नाहीत. आकाशातल्या अनोळखी दिव्याकडे कुतूहलाचा विषय म्हणून पाहणाऱ्यांनी हा जिल्हा डोळ्यांपुढे ठेवावा.

ओळख न पटलेली वस्तू आकाशात दिसली, की तिचा तपास लष्कराने करावा हे रास्तच. आमचे म्हणणे त्यापुढचे आहे. ज्यांनी ती पाहिली, त्यांच्यापर्यंत तपासाचे उत्तर पोहोचले पाहिजे.

लडाखचे उदाहरण या बाबतीत फार शिकवणारे आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात चीनलगतच्या सीमेवर आपल्या जवानांना आकाशात पुन्हा पुन्हा प्रकाशमान वस्तू दिसल्या. नोंदी झाल्या ३२९, आणि त्यांतल्या १५५ वेळा ती वस्तू आपल्या हद्दीत शिरल्याचे लिहिले गेले. चिनी ड्रोन असावेत, हा संशय त्या ठिकाणी स्वाभाविक होता. पँगाँग सरोवराजवळ रडार नेले, त्यावर काही उमटेना. अखेर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारणा झाली. शास्त्रज्ञांनी वेळ आणि दिशा ताडून पाहिली, तेव्हा कळले की संध्याकाळी दिसत होता तो गुरू आणि पहाटे उगवत होता तो शुक्र. उंचावरच्या विरळ, स्वच्छ हवेत हे ग्रह सपाटीवरच्या माणसाला ओळखू येणार नाहीत इतके झळाळतात. यात जवानांना हसण्यासारखे काहीही नाही. त्यांनी प्रत्येक वेळी घड्याळ पाहून नोंद केली, म्हणूनच उलगडा होऊ शकला. शिवाय तो जाहीर झाला, त्यामुळे शंका तिथेच संपली.

याच्या उलट घडले ते सप्टेंबर २००४ मध्ये, लाहौल-स्पितीत. इस्रोच्या अहमदाबाद येथील अंतराळ उपयोग केंद्राचे हिमनदी-अभ्यासक डॉ. अनिल कुलकर्णी यांच्या मोहिमेला समुद्र टापू भागात चारेक फूट उंचीची, माणसासारख्या आकाराची एक वस्तू दिसली. ती उतारावरून सरकली आणि मग वर जाऊन नाहीशी झाली. छायाचित्रे घेतली गेली. कुलकर्णी यांनी प्रत्येक सहकाऱ्याचा जबाब वेगळा घेतला आणि अहवाल पंतप्रधान कार्यालय, इस्रो व लष्कराकडे गेला. साक्षीदार म्हणून याहून चोख वागणूक कोणती असणार? तरीही अधिकृत निष्कर्ष लोकांपुढे आला नाही, आणि ती जागा परग्रहवासीयांच्या कहाण्यांनी भरून काढली. नोव्हेंबर २०२३ मध्ये इम्फाळ विमानतळावर अनोळखी वस्तू दिसली, काही तास हवाई वाहतूक थांबली, शोधासाठी राफेल विमाने गेल्याच्या बातम्या आल्या. हवाई दलाने एवढेच कळवले की हवाई संरक्षण यंत्रणा कार्यान्वित केली होती आणि ती छोटी वस्तू नंतर दिसली नाही. अशांततेने आधीच पोळलेल्या मणिपूरला याहून अधिक सांगायला हवे होते.

आपल्या राज्यात चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात २ एप्रिल २०२२च्या रात्री मात्र गोष्ट नीट हाताळली गेली. आकाशात जळत्या रेघा उमटल्या आणि लाडबोरी गावात धातूचे भलेमोठे कडे येऊन पडले. आसपास पोकळ गोळेही सापडले. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या, आठवडाभरात इस्रोचे शास्त्रज्ञ आले. चिनी रॉकेटचा टप्पा वातावरणात परत शिरताना जळाल्याचे हे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. आकाशातून पडलेल्या अशा तुकड्याचा पंचनामा ही क्षुल्लक बाब नव्हे. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केले, तर ती सोडणारा देश भरपाईस बांधील असतो. १९७८ मध्ये सोव्हिएत उपग्रहाचे किरणोत्सारी तुकडे कॅनडात पडले, तेव्हा कॅनडाने ती वसूलही केली. रॉकेटच्या टाक्यांत हायड्रॅझिनसारखे विषारी इंधन उरलेले असू शकते. भंगार म्हणून असा तुकडा घरी नेणाऱ्या माणसाला हे आधीच कोणी सांगायला नको का?

जव्हार-मोखाड्याचे आकाश रिकामे नाही. मोखाड्याच्या सीमेपलीकडे नाशिक जिल्हा. तिथे ओझरला लढाऊ विमाने तयार होऊन चाचणीसाठी उडतात, देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण चालते. याच पालघर जिल्ह्यात तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे आणि मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात उभे आहे. इथे दिसलेला अनोळखी दिवा खरोखरच सुरक्षेचा प्रश्न असू शकतो. तो पाहणार कोण? दिवाळीनंतर पाड्यांवरची कर्ती माणसे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. मागे उरतात म्हातारीकोतारी आणि मुले. त्यांचे सांगणे कुठल्या वहीत लिहिले जाते?

आदिवासी माणूस काहीही पाहून काहीही सांगतो, ही शहरी समजूत अन्यायाची आहे. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड, कोलाम, कोरकू समाजांच्या आकाशज्ञानाची नोंद केली, तेव्हा ताऱ्यांवरून पावसाळ्याचा आणि कामांचा अंदाज बांधणारी एक भरभक्कम परंपरा समोर आली. रोजचे आकाश ओळखणारा माणूस त्यातले वेगळे काही सांगतो, तेव्हा ते लिहून घ्यावे. अमेरिकेच्या हवाई दलाने १९४७ ते १९६९ या काळातल्या अशा १२,६१८ नोंदी तपासल्या. उलगडल्या नाहीत त्या फक्त ७०१. तपासाची कागदपत्रे पुढे लोकांसाठी खुली झाली. फ्रान्सची अवकाश संस्था १९७७ पासून हेच काम करते आणि प्रकरणे प्रसिद्ध करते.

पालघरला यासाठी नवे खाते नको. पोलीसपाटलाकडे एक वही द्यावी. दिसल्याची वेळ, दिशा, क्षितिजापासून किती मुठी वर, किती वेळ, आवाज होता का, एवढेच तिच्यात लिहायचे. ती नोंद पोलीस ठाण्यातून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे जावी, आणि कक्षाने मुंबईचे हवाई वाहतूक नियंत्रण, हवाई दल व इस्रो यांच्याकडे विचारणा करून पंधरा दिवसांत लेखी उत्तर ग्रामपंचायतीला द्यावे. रडारने काय टिपले, कोठून टिपले, हे लष्कराने सांगू नये. पण दिसले ते आपले विमान होते, ग्रह होता, उपग्रहांची माळ होती की अजून तपास चालू आहे, एवढे सांगितल्याने कोणतेही गुपित फुटत नाही. ठरलेल्या सरावाची, ड्रोनने होणाऱ्या मोजणीची सूचना आधीच द्यावी. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मोठे फुगे सोडले जातात, तेव्हा ते वाहत येऊ शकतील अशा जिल्ह्यांना आधी कळवले जाते आणि खाली आलेल्या उपकरणांना हात न लावता पोलिसांना कळवा, असेही बजावले जाते. त्यात महाराष्ट्रातले जिल्हेही असतात. म्हणजे रीत आपल्याकडे आहेच. जिल्हाधिकाऱ्यांनी ती जव्हार आणि मोखाड्यात येत्या दिवाळीपूर्वी, माणसे भट्ट्यांकडे निघण्याआधी सुरू करावी. सूचना वारली आणि कोकणी बोलींतही द्यावी, आणि आश्रमशाळांतल्या शिक्षकांना पहिल्यांदा सामील करून घ्यावे.