गेटबाहेरचा बुडबुडकी आणि गप्प बसलेला मी

बंगळूरच्या जयनगरमध्ये मी पीएचडीसाठी खोली घेऊन राहतो. मागच्या महिन्यात भल्या सकाळी गल्लीत डमरू वाजला. डोक्याला पागोटं, खांद्यावर लोकांनी दिलेले जुने कपडे. बुडबुडकी! गेटपाशी उभा राहून तो कानडीत त्या घराचं भविष्य सांगत होता. सोबतच्या पोराशी बोलला ते मात्र माझ्या आजीच्या मराठीत.

घरमालकीणबाई वरून ओरडल्या, गेट लावून घ्या. तासाभरात व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा फोटो आला. एकाने विचारलं, ‘याला आत कोणी सोडलं?’ दुसऱ्याने लिहिलं, ‘हे लोक घरं हेरून जातात.’ तिसऱ्याला गंमत वाटली, ‘असले धंदे अजून चालतात?’

माझे आजोबा सोलापूर जिल्ह्यात कुडमुडं वाजवत दारोदार फिरले. तरी मी एक शब्द लिहिला नाही.

आज त्या तिघांना उत्तर देतो.

म्हैसूर संस्थानाच्या १८९१ च्या जनगणना अहवालात मराठी मुलखातून आलेले भविष्य सांगणारे भिक्षेकरी म्हणून बुडबुडक्यांची नोंद आहे. जयनगर आखलं गेलं १९४८ साली. मग आधी आत कोण होतं?

हेरण्याचा संशय जुना आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. कायदा १९५२ मध्ये गेला, नजर राहिली. तिची झळ फिरस्त्या प्रत्येकाला लागते. मे २०१८ मध्ये याच शहरात, चामराजपेटेत, मुलं पळवणारा समजून राजस्थानच्या एका तरुण मजुराला जमावाने मारलं. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं ठेचून मारली. दोन्हीकडे आधी मोबाइलवर अफवा फिरली होती.

आणि गंमत? हा धंदा आजोबांनी निवडला नव्हता. जात कामाबरोबर माणसंही जन्मावरून वाटून टाकते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं. संक्रांतीला सजवलेला कोले बसव दारी आला की हाच ग्रुप ‘लोप पावणारी परंपरा’ म्हणून हळहळतो. त्या बैलवाल्याचं पोर शाळेत जातं का, हे कोणी विचारत नाही.

महाराष्ट्रात बुडबुडकी आणि कुडमुडे दोघेही जोशी या भटक्या जमातीत मोडतात. एनटी-ब ला अडीच टक्के आरक्षण आहे. पण दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ आधीपासूनच्या रहिवासाचा पुरावा लागतो. फिरणं ज्यांच्या कपाळी मारलं, त्यांच्याकडेच ठावठिकाण्याचा कागद मागायचा! वडिलांनी त्यासाठी तीन वर्षं चकरा मारल्या. शेवटी एका गावच्या शाळेच्या रजिस्टरात आजोबांचं नाव सापडलं. ते तिथे जेमतेम चार महिने बसले होते. त्या चार महिन्यांवर माझी पीएचडी उभी आहे.

गेटबाहेरच्या त्या पोराचं नाव कुठल्या रजिस्टरात आहे का? त्या दिवशी मंगळवार होता, शाळेचा दिवस.

आपण पहिल्या पिढीतले शिकलेले, अशा ग्रुपवर आडनावाआड लपून राहायला पटकन शिकतो. मीही शिकलो होतो. काल मात्र तिथे लिहिलं, ‘माझे आजोबा हेच काम करत.’

अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.