काटकसरीचा कोपरा : स्वस्तातली सीडी
भंगारबाजारात जुनी सीडी हाती लागली, की मी ती आधी उजेडापुढे धरते. गाण्यांचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो. त्यातून उजेडाची भोकं दिसली, तर सीडी फुकटही नको. चकचकीत बाजूचा हलका ओरखडा बहुधा चालून जातो.

सुट्टीत पुण्या-मुंबईला खरेदी करताना घरच्या गाण्यांची यादी जवळ ठेवा. ‘निवडक’ म्हणून घेतलेल्या तीन सीडींत तीच ती गाणी निघतात. साध्या सीडीत जेमतेम 80 मिनिटं मावतात, एमपी3 सीडीत दहाएक तास. आवाज किंचित उणा, पण 56 गीतांचं ‘गीतरामायण’ एकाच सीडीत मावतं. मात्र आपला प्लेयर एमपी3 वाजवतो ना, ते आधी बघा. इथे वाढणाऱ्या मुलांच्या कानावर मराठी रोज पडावं, म्हणून तर हा खटाटोप!