बांधलेल्या चुलीची डागडुजी

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, नंदाखाल, आगाशी, गिरीज, निर्मळ, भुईगाव या गावांच्या वाड्यांत, गॅस येऊन पिढी उलटली तरी मागच्या दारची चूल गेलेली नाही. अंघोळीचे पाणी तिच्यावर तापते, एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचा मसाला तिच्यावर भाजला जातो आणि कार्याच्या घरी मोठी पातेली तिच्यावरच चढतात. महामार्गाच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेच्या पाड्यांवर, चूल अजून रोजच्या भाताची आणि भाकरीची आहे. तिथे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेचा सिलिंडर असला तरी तो दर वेळी भरून आणणे प्रत्येकाला परवडत नाही, म्हणून गॅस आणि चूल शेजारी शेजारी नांदतात. एका चुलीला वारा-पाऊस सोसायचा असतो, दुसरीचा धूर घराबाहेर काढायचा असतो. चूल बांधणाऱ्याला एकाच तालुक्यात ही दोन कामे वेगवेगळी करावी लागतात, आणि दोन्हींकडे तिसरे काम हटकून वाट पाहत असते, ते डागडुजीचे.

मातीची चूल पेटवल्या दिवसापासून झिजू लागते. मातीच्या कणांत बांधून असलेले पाणी साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसला निघून जाते आणि माती भाजून खापरासारखी होते. चुलीत ही उष्णता फक्त आतल्या अंगाला, निखाऱ्यांच्या बाजूला पोचते. बाहेरचा जाड थर कच्चाच राहतो. भाजलेली आणि कच्ची माती तापल्यावर सारखी फुगत नाही, निवल्यावर सारखी आवळत नाही, ओल लागली तर एक भिजते आणि दुसरी विरघळू लागते. दोन्ही जिथे मिळतात तिथे पापुद्रा सुटतो. चुलीच्या तोंडाची वरची कड, भांडे टेकते त्या थानांची टोके आणि वैलाकडे, म्हणजे दुसऱ्या भांड्याच्या जागेकडे, जाणारा बोगदा या तीन जागा म्हणूनच आधी जातात. लाकूड आत ढकलताना बसणारे धक्के आणि जड पातेल्याचा भार ही झीज वाढवतात.

जुन्या घरात या झिजेची व्यवस्था लागलेली होती. स्वयंपाक आटोपला, चूल निवली की माती-शेणाच्या पातळ काल्यात बुडवलेले पोतेरे तिच्यावरून फिरे. केसाएवढी चीर त्याच दिवशी बुजे. आठ-पंधरा दिवसांनी थानांना मातीचा गोळा लागे, पावसाळ्यापूर्वी चूल निम्मी-अधिक नव्याने घातली जाई. यासाठी कारागीर लागत नसे, पैसाही लागत नसे. लागे ती घरातल्या बाईची रोजची मेहनत, आणि तिची नोंद चुलीच्या कुठल्याही हिशोबात कधी झाली नाही. सुधारित चुलींचे हिशोब चुकले ते इथेच.

धूर काढून देणाऱ्या चुलीचे प्रयत्न महाराष्ट्रात जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीतून १९४७ च्या सुमारास मगन चूल पुढे आली. तिच्यात धुराडे होते आणि ओढ कमी-जास्त करण्याची सोयही होती. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला आणि २००२ मध्ये बंद झाला. या काळात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची सरकारी नोंद आहे. पुण्याच्या आरती संस्थेने प्रसारात आणलेली दोन भांड्यांची, धुराड्याची लक्ष्मी चूल याच प्रवाहातली. नमुन्यांमध्ये दोष होते, पण त्याहून मोठा दोष असा की मोजणी बसवलेल्या चुलींची झाली, चालू असलेल्यांची फारशी झाली नाही. ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांवर रीमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या धुराड्याच्या चुलीमुळे पहिल्या वर्षी धूर श्वासात जाण्याचे प्रमाण घटले, पुढच्या वर्षांत तो फरक नाहीसा झाला. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची देखभाल झाली नाही, असे कारण त्यात दिसले. चूल बांधणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष आपल्या कामावरचा ठपका म्हणून वाचावा.

घरच्या बायका चूल सांभाळत नाहीत, असा अर्थ मात्र यातून काढणे अन्यायाचे ठरेल. पुष्कळदा त्या सांभाळतात, आणि त्या सांभाळण्यानेच सुधारित चूल बिघडते. साध्या तीन थानांच्या चुलीला चार सारवणांनी बोटभर जाडी आली तर फारसे बिघडत नाही. धुराड्याच्या चुलीचे सारे काम मापांवर चालते. भांड्याच्या बुडाखालची फट, आगीच्या पेटीची उंची, दुसऱ्या भांड्याकडे जाणारा बोगदा, धुराड्याचे तोंड, यातले एक माप बदलले तरी ओढ मंदावते. दर आठवड्याला आतून लिंपलेला बोगदा वर्षभरात मुठीएवढा उरतो. मग धूर धुराड्याकडे न जाता तोंडातून घरात येतो, आणि चूल वाईट ठरते. उलट घडते ते चुलीच्या तोंडाशी. जाड ओंडका आत जात नाही म्हणून तोंड फोडून मोठे केले जाते, वारा अधिक शिरतो, ज्योत भांड्याखाली न थांबता सरळ निघून जाते. यावर उपाय साधा आहे. चूल बांधून झाली की तोंड, बोगदा आणि फट यांच्या मापाचे लाकडी ठोकळे त्याच घरी ठेवून यावेत. सारवल्यावर ठोकळा आत जात नसेल तर तेवढी माती खरवडायची, ढिला पडत असेल तर भरायची. हे एकदा करून दाखवायला पाच मिनिटे पुरतात. साच्यातून काढलेल्या चुलीचा मोठा फायदा हाच की मूळ माप साच्यात कायम राहते, बिघडलेला भाग त्याच साच्यावरून पुन्हा पाडता येतो.

डागडुजीची माती हा वसईत नाजूक विषय आहे. खाडीलगतची खाजणाची माती चिकट, काळीशार आणि हाताला छान लागणारी असते, पण तिच्यात मीठ असते. मीठ हवेतली ओल खेचते, सुकताना पृष्ठभागावर पांढरे फुलते आणि त्याबरोबर लिंपण सोलून काढते. समुद्राची वाळू मिसळण्याचा मोहही याच कारणाने टाळावा. गोड्या पाण्यावरच्या भातशेताची माती किंवा वारुळाची माती चांगली. तिला जोड हवी ती आधीच भाजलेल्या मातीची. फुटकी मडकी, जुनी मंगळुरी कौले कुटून, चाळून घेतलेली भुकटी पुन्हा आवळत नाही, त्यामुळे नव्या लिंपणाला चिरा कमी पडतात. जुनी कौलारू घरे पाडली जात असताना ही कौले वसईत ठिकठिकाणी ढिगाने पडून असतात. चूल बांधणाऱ्याने वर्षाचा साठा करून ठेवायला हरकत नाही. भाताचे तूस मिसळले तर ते आतल्या बाजूला जळून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. त्या उष्णता अडवतात, मात्र मजबुती कमी करतात. म्हणून तूस भिंतीच्या मातीत घालावे, थानांच्या मातीत घालू नये. प्रमाण मातीवर ठरते, पुस्तकावर नाही. साधारण दोन भाग माती आणि एक भाग कौलाची भुकटी घेऊन हातभर लांब वडी थापावी आणि सावलीत सुकवावी. वडी तडकली तर भुकटी वाढवावी, बोटाने भुगा होत असेल तर माती वाढवावी. कालवलेला चिखल दोन-तीन दिवस झाकून मुरू द्यावा.

तडा बुजवताना सर्वांत मोठी चूक होते ती वरून फासण्याची. कोरड्या, काजळलेल्या कडेला ओली माती धरत नाही. ती सुकते, आवळते आणि तिसऱ्या दिवशी खपली होऊन निघते. तडा आधी खरवडून रुंद करावा, आत तोंड मोठे आणि बाहेर लहान असा, म्हणजे भरलेली माती अडकून राहते. काजळी आणि सुटी राख ब्रशने काढावी. मग पाणी शिंपडत राहावे, जुनी माती पाणी प्यायची थांबेपर्यंत. त्यानंतर पातळ काला आत चोळावा आणि वर घट्ट, जवळजवळ कोरड्या मातीचा गोळा अंगठ्याने दाबत भरावा. गोळा अर्धवट सुकला की फळीने थापटावा. सुकताना पडलेल्या केसाएवढ्या चिरा या थापटण्याने मिटतात, आणि नेमकी हीच पायरी घाईत गळते. दोन-तीन दिवस सावलीत सुकल्यावर पहिला जाळ काटक्यांचा, अर्ध्या तासाचा असावा. पूर्ण जाळावर एकदम चढवलेली चूल आतल्या वाफेने पुन्हा फुटते.

सिमेंटचा हात फिरवण्याची सवय कारागिरांतही रुजली आहे आणि ती सोडायला हवी. साधे सिमेंट साधारण ४०० ते ५०० अंशांच्या पुढे टिकत नाही. त्यातल्या चुन्याच्या घटकातले पाणी उडते, निवल्यावर तोच घटक हवेतली ओल शोषून फुगतो आणि गिलावा भुसभुशीत होतो. वसईसारख्या दमट हवेत हे आणखी लवकर घडते. बाहेरच्या ओट्याला, पावसाच्या बाजूच्या भिंतीला सिमेंट जरूर लावावे. आगीच्या पेटीत मातीचेच काम, किंवा भट्टीच्या विटेचा तुकडा मातीत बसवलेला.

लोखंडाची जाळी बसवलेल्या चुलीत जाळीखालची राख रोज काढणे ही सवय नसून गरज आहे. खालून येणारा वारा जाळीच्या सळ्या गार ठेवतो. राख भरली की वारा थांबतो, निखारे सळ्यांवर बसतात, सळ्या लालबुंद होऊन वाकतात आणि त्यांच्यावरून लोखंडाचे पापुद्रे झडतात. त्यात वसईचे सरपण भर घालते. नारळाची सोडणे, झावळ्या आणि पोया यांच्या राखेत पोटॅश आणि क्लोराइड भरपूर असते, ते तापल्या लोखंडाला खाते. किनाऱ्यावर वाहून आलेले, खाऱ्या पाण्यात मुरलेले लाकूड तर चुलीत घालूच नये; त्याचा धूरही घातक असतो. नारळाचे सरपण जास्त वापरणाऱ्या घरी जाळी न बसवता उतरता मातीचा तळ देणे शहाणपणाचे. साध्या चुलीत मात्र तळाशी राखेचा पातळ थर राहू द्यावा, निखारे त्यात टिकतात.

सरपणाची निवड ही अर्धी देखभाल आहे. अर्नाळा-राजोडीच्या किनाऱ्यालगतच्या बागांमुळे माहीत असलेले सुरूचे लाकूड जड, जळायला उत्तम; छाटणी कायदेशीर मिळाली तर त्याहून चांगले सरपण या भागात नाही. ओल्या लाकडातले पाणी आधी वाफ व्हावे लागते, तोवर जाळ थंड राहतो आणि धुरातली डांबरासारखी चिकट काजळी धुराड्यात गोठते. झावळीचा जाळ क्षणात उंच चढतो, म्हणून पाणी तापवायला ठीक, पण धुराड्यातल्या जुन्या काजळीला त्याची ठिणगी पुरते. वालीव, सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांतून निघणारी खोकी, प्लायवूडचे तुकडे, रंगवलेल्या फळ्या स्वस्त पडतात. त्यांतले डिंक, रंग आणि वार्निश घरातल्या श्वासात जातात. जाळ धरावा म्हणून टाकलेली प्लॅस्टिकची पिशवीही तेच करते. हे जाळू नये, एवढे स्पष्ट सांगणे कारागिराचे कर्तव्य आहे.

धुराडे महिन्यातून एकदा साफ करावे, पावसाळी सरपण ओले असेल तर पंधरा दिवसांनी. दोरीला गोणपाटाचा बोळा बांधून वरून खाली ओढला की काम होते, पण खाली काजळी काढायचे झाकण हवे. ते न ठेवता बांधलेले धुराडे कोणी साफ करत नाही, आणि त्याचा दोष घरच्यांना देता येत नाही. कौलातून किंवा पत्र्यातून नळी जिथे बाहेर पडते तिथे पत्र्याची झालर आणि टोकाला टोपी नसेल, तर जूनच्या पहिल्या पावसात पाणी नळीच्या अंगावरून उतरून चुलीच्या पाठीत मुरते. सतत ओली राहिलेली पाठ सप्टेंबरपर्यंत ढासळते. अनेक घरी याच गळतीला कंटाळून धुराडे काढून टाकले जाते. जुन्या नळ्या अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या असतील तर त्या कोरड्या कापू नयेत, घासू नयेत. काढायच्याच असतील तर पूर्ण ओल्या करून अखंड उतरवाव्यात.

मागच्या दारी चुलीच्या जोडीला तांब्याचा बंब असेल तर त्याचे दुखणे वेगळे. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी मचूळ, क्षाराचे. बंबाच्या आत क्षाराचा थर बसला की पाणी तापायला उशीर लागतो आणि धातू अवाजवी तापतो. चिंचेचे किंवा लिंबाचे पाणी रात्रभर भरून ठेवले तर थर सुटतो. पाणी न भरता पेटवलेल्या बंबाच्या सांध्यांचा डाग वितळतो, आणि तो पुन्हा देणारा तांबट आता शोधावा लागतो.

वर्षात दोन भेटी ठरलेल्या असाव्यात. पहिली एप्रिल-मे महिन्यात, मसाला भाजून झाल्यावर. तेव्हा माती नीट सुकते, थाने नवी घालता येतात, झालर बसवता येते. पावसाळ्यात मोठे काम काढू नये, दमट हवेत लिंपण सुकत नाही आणि बुरशी धरते. दुसरी भेट ऑक्टोबरात. या दोन्ही भेटींचे पैसे चूल बांधतानाच ठरवून घ्यावेत आणि संस्थांनी नव्या चुलींइतकेच त्यांचेही मानधन द्यावे. ऑक्टोबरात गेल्यावर आधी धुराड्याखालचे झाकण उघडून ओली काजळी काढावी, चुलीच्या पायाशी घुशीने पोखरले आहे का ते पाहावे, पाठीची भिंत टिचकीने वाजवून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे, आणि मग मापाचे ठोकळे मागून घेऊन तोंड, बोगदा, फट तपासावी. ठोकळे हरवले असतील तर नवे करून द्यावेत.